सतराचा पाढा

बाबा, तुम्ही आणि आई सहा महिन्यांसाठी अमेरिकेत माझ्याकडे ट्रॉयला आला होतात, तेव्हा एकदा मी तुम्हाला माझी लॅब दाखवायला नेलं होतं. स्क्रीनवर कुणाच्या तरी मेंदूत लाल-पिवळे ठिपके उजळले होते. “हा माणूस आत्ता स्वतःच्या आईचा चेहरा आठवतोय,” मी ऐटीत सांगितलं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. “हे ठिपक्यांवरून कळलं, का त्यानं सांगितलं म्हणून?” मी हसले. “हसू नकोस, उत्तर दे.” जन्मभर गणित शिकवणाऱ्या मास्तरांचा आवाज. मी विषय बदलला.

दोनच महिन्यांनी तुम्ही बाथरूममध्ये कोसळलात. नवव्या दिवशी डॉक्टरांनी तुमच्या मेंदूचा स्कॅन दाखवला आणि म्हणाले, “आत आता कोणी नाही.” स्कॅन मलाही वाचता येत होता, मला तेच दिसत होतं; पण त्यांच्या त्या ‘आत’चा मला संशय आला. आत म्हणजे नेमकं कुठे, हे त्यांना तरी कुठे माहीत होतं? मलाही नव्हतं. संशय मला आईचाही येत होता. ती तुमच्या कानाशी पाढे म्हणायची. “अगं, ते ऐकतात. मी मुद्दाम चुकले की भुवई उचलतात.” व्हेंटिलेटर काढायच्या कागदावर ती सही करीना. शेवटी म्हणाली, “तू यातली शिकलेली. तू तपास. तू सांगशील ते खरं.”

दुपारची वेळ आहे. आईला मी खाली कॅन्टीनमध्ये पाठवलंय. सतराचा पाढा, वीस प्रश्न, काही बरोबर, काही चूक, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. “सतरा साती एकशे सतरा,” मी मुद्दाम चुकीचं म्हणते आणि तुमच्या उजव्या भुवईकडे बघत राहते. ती हलते. बरोबर उत्तराला कधी स्थिर राहते, कधी उगाच थरथरते. दहा प्रश्न झाले तेव्हा सात वेळा तुमची भुवई उत्तराच्या चूक-बरोबरशी जुळली होती. दहात सात योगायोगानंही येतात, हे तुम्हीच मला शिकवलंत. पुढच्या दहांनी काहीतरी नक्की कळलं असतं. मी वही मिटली.

आई वर आली. तुमच्या पलंगाशी उभी राहून मी तिला म्हणाले, “वीसही वेळा केलं. काही नाही, नुसती स्नायूंची हालचाल आहे.” तिनं तुमच्या कपाळावरून हात फिरवला आणि पेन मागितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

डॉक्टर बरोबर असतील. बहुधा होतेच. आई आता माझ्याकडेच असते, आणि शेजारच्या काकूंना सांगते, लेकीनं नीट तपासलं म्हणून मला झोप लागते. हे सगळं खरं तर तिला सांगायला हवं. ते होत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.