उशिरा वळणारी भोरडी

सोलापूर,
२१ डिसेंबर, रविवार

सिद्धूअण्णा,

शरणार्थी. कितीही राग असला तरी मोठ्यांना नमस्कार करूनच पत्र सुरू करायचं असं अव्वा म्हणते, म्हणून केलं. इकडे सगळे बरे आहेत. अप्पांचा गुडघा आता बरा आहे. शेंगाचटणीचा डबा कुरियरनं निघालाय. तू मजेत असशीलच, बेंगळुरूचे तुझे फोटो बघते मी.

झालं. आता खरं बोलू?

व्हॉट्सअ‍ॅपवर मी एवढं मोठं लिहिते आणि तू नुसता अंगठा दाखवतोस. म्हणून कागद. माझं मराठी अक्षर घाण आहे, इंग्लिश मीडियममध्ये तूही होतास, समजून घे. इंग्लिशमध्ये लिहिलं की माझ्या तोंडी आपोआप सॉरी आणि प्लीज येतं. मला आज दोन्ही म्हणायचं नाहीये.

परवा वेळ अमावास्येला शेतात गेलो होतो. कडब्याची कोप केली, पाच दगडांचे पांडव मांडले, आंबील, भज्जी, सगळं नेहमीसारखं. ज्वारी पोटऱ्यात आलीये. आणि भोरड्या आल्या. अख्खा थवा, कोपीवरून असा वळला की आभाळावर कुणीतरी चादर झटकल्यासारखं. सगळे वर बघायला लागले.

तेवढ्यात अप्पांनी मोबाईल काढला. तुमच्या कंपनीच्या गेमचा व्हिडिओ.

"हे बघा, आमच्या सिद्धूनं केलंय की! पाखरं बनवलीत. शिकवल्याशिवाय शिकतेत!"

ज्ञानूमामा म्हणाले, "चनबसप्पा, पाखरं हितं रानात फुकट हायत की. कंपनीत पगार देऊन कशाला करतेत?"

सगळे हसले. अप्पा पण हसले, पण छाती फुगवून. मग माझ्याकडे वळले, "भुवी, तू पण शीक जरा अण्णाकडून. नुसती कॉम्प्युटरसमोर बसते."

माझ्या हातात आंबिलीचं गाडगं होतं. मी वाढत राहिले. अव्वा म्हणाली, पोरीचा चेहरा उन्हानं लाल झालाय. मी व्हय म्हणाले.

ऊन नव्हतं, अण्णा.

तुला आठवण करून देऊ? गेम आपला होता. तू ज्वारीचं रान काढलंस, राखणीचा माळा काढलास, गोफण फिरवणारी पोरगी काढलीस. चित्रं तुझीच, मी कधी नाही म्हणाले नाही. पण थवा माझा होता. कुठल्याच भोरडीला मी 'इकडे जा' असं सांगितलेलं नाही. पुढारी कुणी नाही. प्रत्येकीनं फक्त जवळच्या शेजारणींकडे बघायचं. धडकायचं नाही, लांब जायचं नाही, त्या वळल्या की वळायचं. बास. आणि ज्या टिकतील त्यांच्यासारख्या पुढच्या पिढीत जास्त जन्मतील. खऱ्या पाखरांचं चालतं तसंच.

पहिल्यांदा मी जिवंत राहण्याचेच मार्क दिले, तर सगळ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. खाली यायलाच तयार नाहीत! तू लोळून हसलास. "भुवी, तुझ्या भोरड्या उपास करायला लागल्या बे!" मग मी त्यांना भूक दिली. आणि एका दुपारी त्यांनी स्वतःहून ती युक्ती काढली. दोघी-तिघी गोफणीसमोर नाचायच्या आणि बाकीच्या मागच्या बांधाकडून कणसं खायच्या. मी किंचाळले होते. तू चहा सांडला होतास.

आणि आता अप्पांनी दाखवला त्याच व्हिडिओतल्या मुलाखतीत तू म्हणतोस, "आमच्या टीमचं रिसर्च." काय बे? कुठली टीम? टीम तर इथे आंबील वाढत होती.

वर तो कागद पाठवलास. थव्यावर माझा काही हक्क नाही असं त्यात लिहिलंय, आणि खाली सही कर म्हणे, "छोटी फॉर्मॅलिटी आहे गं." तुला नोकरी त्या थव्यावर मिळाली. नीट विचारलं असतंस तर मी दिला असता. खरंच दिला असता, वर पेढे वाटले असते. तू विचारलंच नाहीस. घेऊन गेलास आणि मग पावती मागतोयस.

तू म्हणशील, थवा भुवीचाच कशावरून, असले थवे लई जण करतात. करतात की. पण त्या व्हिडिओत खाली उजवीकडे बघ. सगळ्या वळल्यावर एक भोरडी क्षणभर थांबते आणि मग वळते. ती माझ्याशिवाय कुणाकडे नाही.

मुलाखतवाल्यानं तुला तिच्याबद्दलच विचारलं. तू हसत म्हणालास, "तो बग आहे, रिलीजच्या आधी काढून टाकू."

मी तो व्हिडिओ तिथेच बंद केला. त्यानंतर तू काय बोललास मला माहीत नाही.

हे मी तुला सांगणार नव्हते. गेम पूर्ण झाला की दाखवणार होते. आता ऐक.

आपण लहान असताना डबे बडवत भोरड्या हाकलायचो. थवा पलीकडच्या बांधाला गेला की सगळी पोरं पळायची तिकडे. तू कायम शेवटी वळायचास. अप्पा ओरडायचे, "सिद्ध्या, झोपलास का?" तू झोपलेला नसायचास. तू आधी मागे बघायचास, भुवी कुठंय ते. मी सगळ्यात छोटी, ढेकळात पडत येणारी. मी दिसले की मगच वळायचास. शिव्या खायचास, पण का उशीर झाला ते कधी सांगितलं नाहीस.

ती भोरडी शेजारणींकडे बघत नाही. थव्यात जी सगळ्यात मागे राहिलीये तिच्याकडे आधी बघते, आणि मग वळते. मी तिला थव्यातून काढून पाहिलंय. ससाणा आला की थवा फुटतो, मागच्या हरवतात. ती असली की थवा पुन्हा जुळतो.

तो बग नाहीये, अण्णा. तो तू होतास.

आता काढायचा तर काढ. कंपनी तुझी, मशीन तुझं.

कागद सही न करताच परत पाठवतेय, याच पाकिटात. अप्पांना मी काहीही सांगणार नाही. मी सांगितलं तर ती बहिणीची जळजळ होईल. संक्रांतीत गड्ड्याच्या यात्रेला तू येशील, ज्ञानूमामांसकट सगळे घरी जेवायला असतील, तेव्हा तुझ्या तोंडानं सांग. नाही सांगितलंस तर मी तुलाही काही बोलणार नाही. ताट वाढेन, परत कामाला बसेन. फक्त मग मागे वळून बघू नकोस, तिथे कुणी नसेल.

माझी सही हवी होती ना तुला? ही घे. या पत्रापुरतीच आहे.

भुवनेश्वरी