पिच्चर सुरू व्हायच्या आधी

८ फेब्रुवारी १९८६, शनिवार

दाजी जित्ते हायत.

आज माज्या डोळ्यानं बघितले. परभनीत, पिच्चरच्या टाकीत, पडद्यावर. घरी आलो, जेवलो न्हाई, आन् कुनाला बोललो बी न्हाई. म्हनून हितं लिहायलोय.

चार वर्सं झाली. पूर्णेला पूर आलता, काठावर दाजीचे कपडे अन् चपला घावल्या. अंग घावलं न्हाई. किशनराव मामानं, म्हंजे अक्काच्या सासऱ्यानं, दर्भाचा पुतळा करून सोताच्या हातानं जाळला. अक्का चारठान्याहून पेडगावला परत आली ते मोकळ्या हातानं.

झालं असं की सितारामच्या सदऱ्यात मी खाजकुयली टाकली. सिताराम म्हंजे आमच्या गावचा टेलर, माज्या संगं प्रत्येक पिच्चरला येनारा. एसटीतच त्याला खाज सुटली. टाकीपशी उतरला तसा चप्पल घेऊन माज्या मागं. मी तिकीट फाडून घेतलं अन् अंधारात शिरलो. आत कोनीच न्हाई — पिच्चरच्या आधीचं सरकारी रीळ सुरू होतं. आमच्याकडं ते कोन बघतंय? घंटा झाली तरी समदी दुनिया बाहेर पानटपरीवर. बिडी, शेंगदाने. "चालू झाला का?" "न्हाई, सरकारीच हाय अजून." आत असतेत ते झोपलेले असतेत.

पडद्यावर कुठलं तरी धरन. कोन तरी हिंदीत मयतीला आल्यासारकं बोलायलंय. मंग मजुरांच्या झोपड्या. त्यातला एक जन वळला अन् आमच्याकडं बघून हसला.

दाजी!

वळखायला चूक व्हायची बातच न्हाई. पुढचा दात अर्धा हाय. तो दात मीच मोडलाय — लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लाडूत सुपारी घालून.

मंग पिच्चर झाला. सगळी टाकी रडली. मला हिरोईनचं तोंड बी आठवत न्हाई.

९ फेब्रुवारी, रविवार

हाटेलात सांगितलं. झक मारली.

हाटेलवाल्या बन्सीधरनं जन्मात टाकीचं दार बघितलं न्हाई. भट्टी सोडवत न्हाई म्हनतो. पन आमी बघून आलो की सगळी स्टोरी इचारून घेतो, अन् दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसून आमालाच समजून सांगतो. आज बी तेच. पिच्चरमदी हिरो लढाईला जातो, मेला म्हनून तार येते, हिरोईन मानत न्हाई. पिठाची गिरनी चालवते, पोरगं शिकवते, रोज संध्याकाळी दारात दिवा लावते. पोरगं मिशीवालं झाल्यावर हिरो येतो, ही पाया पडते, खल्लास. तीन हप्ते चालनार म्हनतेत, बायांची लय गर्दी हाय.

"बाई असावी तर अशी," बन्सीधर म्हनला. दुधात पळी फिरवता फिरवता डोळे पुसायला.

"ते ठीक हाय मालक," सिताराम म्हनला, "पन येवढ्या वर्सात तिच्या लुगड्याला एक टाका न्हाई. लढाईवरून आला तरी त्याच्या कोटाची घडी मोडली न्हाई. माज्याकडनं शिवून नेलाय जनू."

"तुला दुसरं दिसतंच न्हाई का रं?"

"दिसतंय की. पाठीला खाज सुटली होती, पन रडलो."

मंग मी सांगितलं. उद्धव दाजी. धरनावर. जित्ते.

मला वाटलं, आता बन्सीधर उठून आबाकडं पळतो. तर तो हसायलाच लागला.

"कुत्र्याचा पिच्चर इसरलो न्हाई मी, मुंजा."

मागल्या महिन्यात कुत्र्याच्या पिच्चरमदी कुत्रा शेवटाला मरतो म्हनून मी सांगितलं होतं. बन्सीधर दोन दिवस त्या कुत्र्याचं सुतक धरून होता. खरं म्हंजे शेवटाला कुत्र्याचं लगीन लागतं.

"अन् हाऊसफुल्लचा बोर्ड कोनी लावलता?" मागून कोन तरी बोललं.

टाकीच्या दारात तो खोटा बोर्ड मीच लावलता. ते बी खरं हाय. पन आता ह्याला काय करू? खरं बोलायला तोंडच शिल्लक ठेवलं न्हाई मी.

१० फेब्रुवारी

आबांनी कानाखाली काढली. हाटेलातली खबर घरी माज्या आधी पोचली. म्हनले, "तेवीसला तिचा पाट लावायचाय, अन् तू मेलेल्याला उठवायलास?"

अक्का चुलीपशी होती. वर बघितलं न्हाई.

११ फेब्रुवारी

पाट, म्हंजे अक्काचं दुसरं लगीन, रंगनाथ गुरुजीशी हाय. परभनीत प्राथमिक शाळेवर. पहिली बायको बाळंतपनात गेली. मानूस कसा हाय म्हनाल तर मी त्याच्या खुर्चीखाली लवंगी लावली तरी नुसता उठला, खुर्ची उलटी करून बघितली अन् परत बसला. असल्याची थट्टा करून काय मजा न्हाई.

अक्का रोज सकाळी बालवाडीच्या ट्रेनिंगला परभनीला जाते, सांजच्याला येते. त्यांची वळख तिथंच झाली. तिनंच आबाला सांगितलं, मला करायचंय म्हनून. आमच्या घरात असं कुनी कधी म्हनलं न्हवतं. आबा आठ दिवस बोलले न्हाईत, मंग हो म्हनले.

दाजी जित्ते असले तर हे सगळं मोडनार. ते माज्या डोक्यात आजच आलं. आधी मला वाटलं होतं, अक्का खुश व्हईल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सितारामला शपथ घालून नेलं. खर्च माजा. सरकारी सुरू व्हायच्या आत त्याला खुर्चीत दाबून बसवलं.

दाजी आले अन् गेले. "बघितलं का?"

"कोन?"

"अरे तो हसला तो!"

"मी ते मशीन बघायलोतो. एका पंजात केवढी माती उचलतंय, कमाल हाय."

त्याचा गळा धरनार होतो. पन धरला न्हाई, कारन मला दुसरंच दिसलं होतं. पहिल्या बारीला मी निस्तं तोंड बघितलं. आज खालचं बघितलं. दाजीच्या खांद्यावर पोरगी हाय, लहान, केस धरून बसलेली. बाजूला एक बाई भाकर थापायलीय. दाजी हसतो, ती बाई बी पदर तोंडाला लावून हसती. कपडे काठावर ठेवून गेलेला मानूस.

पिच्चर सुटल्यावर सिताराम म्हनला, "दुसऱ्या बारीला बी रडू आलं राव." मी म्हनलो, हो.

१३ फेब्रुवारी

बुडालेला बरा का हसनारा? अक्काला कोनता देऊ?

१५ फेब्रुवारी, शनिवार

खबर चारठान्याला गेली. किशनराव मामा आज आले. जिंतूरला गाडी बदलून, एकटे. डोळ्यात मोतीबिंदू, काठी आपटीत वसरीपर्यंत आले अन् आधी माजा हात धरला.

"मुंजा, थट्टा न्हाई ना रे?"

मी न्हाई म्हनून मान हलवली, ती त्यान्ला दिसली न्हाई. परत इचारलं. "थट्टा न्हाई," म्हनलो.

मामा रडले न्हाईत. आबाकडं तोंड करून म्हनले, "पावनं, माजा पोरगा जित्ता असला तर ती माजी सून हाय. पाट व्हनार न्हाई. मी तिला घेऊन जानार."

आबा माज्याकडं असं बघायलेत, की मारलं असतं तर बरं.

अक्का च्या घेऊन आली. मामाच्या हातात कप नीट दिला, सोडायच्या आधी बोटं लावून बघितली. मंग म्हनली, "मामंजी, तुमाला समोरचा बैल दिसत न्हाई. पडदा काय दिसनार? मी बघते. मी सांगन ते मान्य का?"

"तुज्याहून जास्ती कोन वळखनार बाई त्याला."

"मान्य का?"

"मान्य."

१७ फेब्रुवारी, सोमवार

गेलो. मी, अक्का, मामा, सिताराम. अक्का लेडीजमदी बसली, मामा माज्या बाजूला. माजं मनगट सोडायला तयार न्हाईत.

सरकारी सुरू झालं. धरन आलं. "पान्याचा आवाज येतोय," मामा म्हनले. "आला का तो?"

"न्हाई अजून."

झोपड्या आल्या. दाजी वळले, हसले. पोरगी, बाई, भाकर. मामाचं तोंड पडद्याकडंच होतं. उजेड त्यांच्या डोळ्यावर पडून सगळं पांढरं दिसायलं होतं. बाप समोर बसलाय, लेक समोर हसायलाय, अन् मधी मी.

"आला का रे?"

"न्हाई मामा," म्हनलो. तोवर दाजी गेलते. कामून तसं म्हनलो, मला अजून कळंना.

पैसे दिलेत म्हनून मामानं पुरा पिच्चर ऐकला. सुटल्यावर अक्का लेडीजच्या दारातून बाहेर आली. उन्हात उभी राहिली. पदर नीट केला.

"न्हाईत मामंजी. ते न्हाईत."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं. नाक तसंच हाय, म्हनून ह्याला वाटलं. पन ते न्हाईत."

मामा पायरीवर बसले. म्हनले, "म्हंजे मी जाळलं ते खरंच जाळलं." मंग उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो खांद्यावर पडला. "कर बाई पाट. मी येनार न्हाई, पन माजी ना न्हाई." अक्का वाकली अन् लय येळ वाकलेलीच राहिली.

मामाला जिंतूरच्या गाडीत बसवलं. आमच्या एसटीत सितारामला गप बसवंना.

"अक्का, पिच्चर कसा वाटला?"

"हिरोईन येडी हाय."

सितारामचा जबडाच पडला. सगळं गाव जिच्यासाठी रडायलंय ती!

"गिरनी तिनं चालवली, पोरगं तिनं मोठं केलं," अक्का म्हनली. "अन् तो दारात आला तर काई न इचारता पाया पडती? आधी इचारावं, येवढे दिवस होतास कुठं. काय सांगतो ते ऐकावं. मंग घरात घ्यायचं का न्हाई ते बघावं."

"पन मंग पिच्चर संपनार कसा?"

"तिच्या गिरनीवर संपू दे की. पीठ पडतंय, बाया रांगेत हायत. काय वाईट हाय?"

मी हळूच इचारलं, "अक्का, दात बघितलास का?"

"कसला दात?" म्हनली अन् खिडकीतून बाहेर बघायली.

१८ फेब्रुवारी

अक्का न्हाई म्हनती म्हंजे न्हाई. मला मग कोन दिसलं? अर्ध्या दाताची मानसं काय कमी हायत दुनियेत?

हाटेलात बन्सीधर म्हनला, "गिरनीवर संपवा म्हनली? हे काय मत झालं?" मंग बराच येळ पळी फिरवीत बसला, अन् म्हनला, "तशी गिरनी चांगली चालत असनार."

रातच्याला मला झोप न्हाई. एक बार परत जाऊन बघतो. दात मोजून येतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलो तर पिच्चर बदललेला. आज नवा लागला, तलवारीचा. संगं सरकारी बी नवं, कोंबड्या पाळायचं. धरन गेलं दुसऱ्या गावाला.

दारात कस्तुराबाई होती, लेडीजची तिकिटं फाडनारी. म्हनली, "सोमवारी म्हाताऱ्याला घेऊन आलती ती तुजी कोन?"

"बहीन."

"अजब हाय रे बाबा. पिच्चर लागला त्याच हप्त्यात रोज यायची, दुपारच्या खेळाला. एकटी. सरकारी बघायची, अन् पिच्चर सुरू व्हायच्या आधी उठून जायची. मी म्हनलं, बाई, पैसे वापस मिळत न्हाईत. तर म्हनली, मला लागतं तेवढं बघितलं."

मी पहिल्यांदा गेलो तो दुसरा हप्ता होता.

"त्या हप्त्याच्या शेवटच्या दिवशी रंगनाथ गुरुजीला घेऊन आली," कस्तुराबाई म्हनली. "माज्या नातवाला शिकवतेत ते. त्या दिवशी गुरुजीनं तिच्यासाठी लेडीजच्या दारात उभं राहून बघितलं. मंग दोघं बी बाहेर आले, ह्याच पायरीवर बसले. ती बोलायली, ते ऐकायले. नंतर त्यान्नी जाऊन तिच्यासाठी उसाचा रस आनला."

एसटीत बसलो तर मामाचा हात मनगटावर तसाच वाटायलाय. त्याचं काय करू ते कळंना.

हाटेलात बन्सीधरनं आवाज दिला. "काय मुंजा, दाजी काय म्हनतेत?"

"थट्टा केलती मालक," म्हनलो. "कोनी न्हवतं."

लगीच पटलं सगळ्यान्ला.