सगळा फळा हिरवा

सोमवार, ९ मार्च
साइटवरचं ऑफिस

प्रिय दादा,

नमस्कार. घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आता फक्त जिना चढताना दुखतो. बाबांनी चष्मा पुन्हा कुठंतरी ठेवलाय आणि घरातल्या प्रत्येकावर एकेकदा आळ घेऊन झालाय. मामाकडे तुझं बरं चाललं असेल. मामीला नमस्कार सांग. तुझा फोन बंद असतो म्हणून हे पत्र आईच्या हाती पाठवतेय. तिनं ते वाचलेलं नाही, पण पाकीट उजेडात धरून बघितलं असेल याची मला खात्री आहे.

तू साइटवर यायचं बंद केल्यापासून इथं बरंच काम उरकलंय. मुलांच्या वॉर्डचा रंग झाला, खाटा आल्या, पडद्यांचे रूळ बसले. शुक्रवारी हॉस्पिटलला ताबा द्यायचा आहे. साहेब रोज सकाळी माझ्या फळ्यासमोर चहाचा कप घेऊन उभे राहतात आणि म्हणतात, "पोरीनं साइटला शिस्त लावली." फळा सगळा हिरवा आहे. एकही पिवळं कार्ड नाही, लाल नाही. एवढं हिरवं शेतातसुद्धा नसतं, दादा.

मला आधी अभिमान वाटला होता. कोर्समध्ये शिकवलं होतं की काम सगळ्यांना दिसलं पाहिजे. जे दिसतं ते ताब्यात राहतं. म्हणून मी तो फळा लावला. वेळेवर असेल तर हिरवं, अडलं तर पिवळं, थांबलं तर लाल. लाल लावणाऱ्यानं सकाळच्या बैठकीत सगळ्यांपुढे कारण सांगायचं. कुणाला शिक्षा नको, कुणाला ओरडा नको, नुसतं खरं बोलायचं. आपल्या घरात कॉलेज बघितलेली मी एकटीच, तेव्हा शिकलेलं जसंच्या तसं वापरायची घाईही मलाच होती.

मग ते फरशीवाल्या काकांचं झालं. तू होतास तिथं. फरश्या दोन छटांच्या आल्या म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे लाल लावलं, आणि मी त्यांना पाच वेळा 'का' विचारलं. पुस्तकात तसंच आहे, पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतं. चौथ्याला त्यांचे कान तापले होते. पाचव्याला ते म्हणाले, "कारण मी मूर्ख आहे, ताई. लिहून घ्या." सगळे हसले. मीही हसले, कारण मला वाटलं ते गमतीनं म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

त्यानंतर फळा हिरवा झाला.

हे लक्षात आल्यापासून मला कुणाचंच काही खरं वाटेनासं झालंय. मी खोलीत गेले की बोलणं थांबतं. रंगारी "झालं" म्हणाला की मी भिंतीला बोट लावून बघते. वायरमन शीळ घालत गेला तर वाटतं, एवढा खूश का? परवा एकजण माझ्याकडे बघून नुसता शिंकला, तर मी त्याचं आख्खं काम तपासलं. काही सापडलं नाही. न सापडल्यामुळे संशय आणखी वाढला.

तसंच तपासत तपासत मी स्टोअरमध्ये गेले. तू जोडलेल्या ऑक्सिजनच्या लाइनच्या चाचणीसाठी मी दाब मोजायचा जो नवा गेज मागवला होता, तो तिथं फडताळावर होता. खोकं सीलबंद. चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. आणि फळ्यावर मुलांच्या वॉर्डच्या चाचणीचं कार्ड हिरवं होतं. तुझ्या अक्षरातलं.

मी लगेच तुला विचारायला हवं होतं. मी सुपरवायझरला विचारलं, तेही आडून आडून.

ते म्हणाले, "बाई, कुणाचा शोध चाललाय?"

"कुणाचा नाही. साठा बघतेय."

"साठा मी बघतो. तुम्ही चेहरे बघत फिरताय. एवढं असेल तर भावाला विचारा की सरळ."

"कुठला भाऊ?" मी म्हणाले.

साइटवर नातं सांगायचं नाही असं आपलंच ठरलं होतं. तरी ते शब्द तोंडातून किती सहज गेले ते मला अजून ऐकू येतंय.

ते हसले. "अहो, दोघांचं नाक एका साच्यातलं. पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "शेवटचा व्हॉल्व्ह आला नव्हता, म्हणून चाचणी अडली होती. त्यानं लाल कार्ड उचललंही होतं. पण सगळे टपून बसले होते ना, फरशीवाल्याला पाचदा विचारणारी बाई भावाला कितीदा विचारते ते बघायला. त्यानं तुमच्याकडे बघितलं आणि हिरवं लावलं."

"मग तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"हा पहिला 'का'. अजून चार बाकी आहेत."

मला त्यांचा राग आला. घरी येईपर्यंत त्यांच्यावरही संशय आला. लाइनवरची भिंत बुजवायची घाई त्यांच्याच माणसांना होती. स्वतःची चूक तुझ्या अंगावर ढकलायला ही गोष्ट रचली असेल तर? व्हॉल्व्ह नंतर आला होता, तू जुन्या गेजवर चाचणी केली असशील. सगळं शक्य आहे.

म्हणून त्या दिवशी जेवताना मी विचारलं. अगदी सहज, भाजी वाढता वाढता. तू म्हणालास, "झाली की. काटा हललासुद्धा नाही." ताटातून मान वर केली नाहीस. दुसऱ्या दिवशी तुझ्या जोडीदाराला मी तेच विचारलं, हे तुझ्या कानावर गेलं आणि तू बॅग भरलीस. जाताना म्हणालास, "माझ्यामागे माणसं लावतेस?"

मी आतापर्यंत इतकं लिहिलं, कारण एक वाक्य लिहायचं टाळत होते. दादा, तू खोटं बोललास असं मला वाटतं. तुझा जोड कच्चा असेल असं मी म्हणत नाही. तुझा हात मला माहीत आहे. पण ती लाइन तपासलेली नाही, आणि तिच्या टोकाला ज्याला श्वास पुरत नाही असं एखादं मूल असणार आहे. तू मला वाचवायला हिरवं लावलं असशील, तर त्याची किंमत त्या मुलानं का द्यायची?

आज साहेबांनी ताब्याचा कागद सहीसाठी पुढे केला. मी सही केली नाही. चाचणी झाल्याचा भरवसा नाही असं सांगितलं, आणि फिटर माझा सख्खा भाऊ आहे हेही सांगितलं. त्यांनी कागद परत ओढून घेतला. मग म्हणाले, "शुक्रवार चुकला तर तू या कामावर राहशील असं धरून चालू नकोस."

उद्या सकाळी बैठकीनंतर लाइनची चाचणी सगळ्यांसमोर होईल. काटा उतरला, म्हणजे कुठं गळती निघाली, तर भिंत फोडायची. बाहेरचा एक फिटर सांगून ठेवलाय, पण हे काम तुझं आहे आणि ते तूच करावंस असं मला वाटतं. जोड गळका निघाला तर मी तुला पाठीशी घालणार नाही. पक्का निघाला तर तुझ्याबद्दल जे जे मनात आणलं ते सगळ्यांपुढे बोलून माफी मागेन. दोन्हीची मला सारखीच भीती वाटते.

बाबा विचारत होते, दोघांचं काम एका जागी, मग हा मामाकडून का जातो. तू कामावर येतच नाहीस हे मी सांगितलं नाही. मी म्हणाले, तिथून जवळ पडतं. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. माझ्यावर ते नेहमीच ठेवतात.

याला उत्तर लिहीत बसू नकोस. सकाळी ये. तुला एकदाही 'का' विचारणार नाही.

तुझ्यावर संशय घेणारी आणि तरीही दाराकडे बघत थांबणारी,
तुझी धाकटी