खडबडीतसाठी इंग्रजी शब्द

सोनाळा,
चैत्र वद्य पंचमी

प्रिय शालिग्राम,

सुपारी फुटल्यापासून तुला 'तुम्ही' म्हणायचं, अशी आईची ताकीद आहे. पण ज्या आतेभावाने लहानपणी माझ्या वेणीला बैलाची घुंगरं बांधली, त्याला एकदम 'अहो' म्हणायला माझी जीभ वळत नाही. लग्नानंतर म्हणेन, झालं तर. हे पत्र मी चोरून लिहिते आहे. अक्षता पडेपर्यंत तुला एक अक्षर लिहायचं नाही असं घरात ठरलंय, आणि ठरवणाऱ्यांत तुझी आईही आहे. तुझ्यापासून एक गोष्ट लपवली जातेय. ती कळली तर तू लग्न मोडशील, अशी सगळ्यांना भीती आहे. मलाही आहे. तरी सांगणार आहे, फक्त जरा वळसा घेऊन, कारण एकदम सांगायला हात धजत नाही.

तुझा मागचा इंग्रजीचा धडा मिळाला होता. उत्तर आलं नाही म्हणून तू रागावला असशील. तू अमरावतीच्या कॉलेजात शिकवतोस, तिथल्या प्रोफेसरांच्या बायकांत बसायचं तर बोलता आलं पाहिजे, हे मला पटतं. शब्द मात्र तू चांगले निवडलेस. आपण जमिनीला, घोंगडीला, हाताला, सगळ्यांना 'खडबडीत' म्हणून मोकळे होतो, आणि साहेबाने जागोजाग वेगळा शब्द ठेवलाय. जमीन अनइव्हन, आणि आजारी माणसाचा श्वासही अनइव्हन. एक पैलवान आणि एक काडीपैलवान अशी कुस्ती लावली तर तीही अनइव्हन. संग्रामपूरच्या बाजाराचा रस्ता बम्पी. बाबांचे हात रफ, घोंगडी रफ, समुद्र खवळला की तोही रफ, आणि मनातल्या मनात केलेला अंदाजही रफच. सातपुडा रगेड. पुरुषाचा चेहराही रगेड म्हणतात आणि ती स्तुती असते, हे वाचून मला हसू आलं होतं. बाईला ही स्तुती चालत नाही, असं तू खाली लिहिलंस. तेव्हा मी त्यावर भांडणार होते.

माघात गावात देवी काढणारा, लस टोचणारा, आला. माझ्या लहानपणी काढायच्या राहून गेल्या होत्या. मी तयार होते, बाही वर करून ओट्यावर जाऊन बसले होते. आईने हाताला धरून आत ओढलं. "लगन तोंडावर आलं अन् पोरीच्या दंडावर वण काऊन पाडून घेता?" असं ती बाबांना म्हणाली. चुडा भरताना बायका दंड बघतात, वण दिसला तर बोलतात, हे बाबांनाही पटलं. मला कडब्याच्या गंजीमागे बसवलं. देवी काढणाऱ्याला सांगितलं, पोरगी मामाकडे गेली. दंड माझा अजून अगदी स्वच्छ आहे, शालिग्राम. बायकांना बोट ठेवायला जागा नाही.

फाल्गुनात मला देवी आल्या. दाराला कडुनिंब बांधला, घरातली फोडणी बंद झाली. आजाराचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून 'माय आली' एवढंच बोलायचे. मी तापात होरपळत होते आणि माझी आई हात जोडून माझ्या पाया पडत होती, मला 'माय, सुखानं जाय' म्हणत होती. मला ओरडून सांगायचं होतं की मी रुख्मिणी आहे, मला पाणी दे. घसा बंद होता. त्या वेळी तिचा जितका राग आला तितका जन्मात कुणाचा आला नाही. आता येत नाही. ती आता माझ्याकडे बघतच नाही, भिंतीकडे बघून ताट ठेवते.

मी वाचले. साखरपुड्यात तू दिलेल्या डिक्शनरीत मी माझ्यासाठी शब्द शोधला. तुझ्या धड्यात नव्हता. पिटेड, म्हणजे खड्डे पडलेलं. गंजलेल्या लोखंडाला लावतात, उखडलेल्या रस्त्याला लावतात, आणि चेहऱ्यालाही. डावा डोळा पांढरा झालाय, त्याने दिसत नाही. म्हणून अक्षर तिरकं जातंय, सांभाळून घे.

तुझी आई भेटायला आली होती. मला पाहून आधी रडली, खरंच रडली. मग डोळे पुसून बाबांना म्हणाली, "भाऊ, त्याले काही लिवू नका. एकदा अक्षता पडल्या का मंग कोठी जाते थो?" बाशिंग मोठं आणायचं, वर पदर पुढे ओढायचा, आणि मुहूर्त दिवेलागणीचा धरायचा, असं ठरलं. बाबा मान खाली घालून 'हाव' म्हणाले. मला कुणी विचारलं नाही.

शाळेतल्या पुष्पाबाई हे पत्र पोस्टात टाकतील. मी ते का लिहिते आहे, ते आता ऐक. लग्न मोड असं सांगायला नाही आणि दया कर म्हणायलाही नाही. आजवर मला पाहिलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर एक क्षण काहीतरी येतं आणि मग तो ते झाकतो. तुझ्याही तोंडावर येईल. पण अंतरपाट खाली आल्यावर, भरल्या मांडवात, हातात माळ असताना ते मला बघायचं नाही. हळदीच्या आधी एकदा ये. दुपारी ये, उन्हात. मी अंगणात पदर न घेता उभी राहीन. जे यायचं ते तुझ्या तोंडावर तिथे येऊ दे, आणि नको वाटलं तर तिथूनच परत जा. मी कुणाला तुला अडवू देणार नाही.

तुझीच लिहू की नको, ते तू येऊन गेल्यावर ठरेल.

रुख्मिणी