पालीच्या वणव्याच्या दोन बातम्या

८ एप्रिल
सूत्रं, सूत्रं, सूत्रं! पालीच्या वरच्या रानात वणवा लागला त्याची बातमी मोठ्या पेपरात अर्धं पान — ‘मेंढपाळांनीच पेटवले डोंगर’. वाचनालयात पेपर लावता लावता पेन्सिलीने मोजलं. ‘सूत्रांनी सांगितले’ पाच वेळा, ‘स्थानिकांच्या मते’ दोनदा. माणसाचं नाव एकही नाही! पुण्यात खुर्चीत बसून लिहिलेली, दुसरं काय. आणि असल्या बातमीवर १९ तारखेच्या वनखात्याच्या बैठकीत वरच्या वाडीची चराई बंद करायची म्हणे. बारा घरं शेळ्यांवर जगतात तिथं. संताप आला.

मग दिपालीचा व्हिडिओ पाहिला. कापूरहोळच्या गॅरेजवाल्यांची मुलगी, मोबाईलवर एकटीच चॅनेल चालवते. ही पोरगी डोंगर चढून गेली! ट्रेकवाल्यांची चूल दाखवली, काळे दगड, नूडल्सचे कागद. तिघांशी बोलली, तिघांची नावं दिली. आग ट्रेकवाल्यांचीच, म्हणाली. शाब्बास गं!

९ एप्रिल
व्हिडिओ चौथ्यांदा पाहिला. ह्यांनाही दाखवला. “तुला आपले पेपरवाले सगळे चोर!” — इति आमचे हे.

११ एप्रिल
बाजार. वरच्या वाडीच्या साळूबाई तूप घेऊन आल्या. वाचता येत नाही, पण मी बातम्या वाचल्या की डोळे मिटून ऐकतात. आधी पेपर वाचला, मग व्हिडिओ लावला. मला वाटलं, खूश होतील.

“पोरगी लई गुणाची. पन तिनंबी इचारलं न्हाई.”
“काय?”
“त्या दिशी वारं कुठनं व्हतं त्ये.”
“अहो साळूबाई, ती तुमच्याच बाजूनं बोलतेय की!”
“माज्या बाजूनं बोलती म्हंजी खरं बोलती व्हय?”

बत्तीस वर्षं वर्तमानपत्रं चाळतेय, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

१२ एप्रिल
दिपालीला फोन केला. साळूबाईंचा वाऱ्याचा प्रश्न सांगितला. ती म्हणाली, “काकू, मी उद्या परत वर जाते.”

मी व्हिडिओ पुन्हा लावला. चुलीच्या मागचं गवत — वाळलेलं, पण उभं! जळलेलंच नाही. पाचदा पाहिलं होतं मी. पेपरात ‘सूत्रं’ मोजणारी मी, इथं मला गवत दिसलं नाही. लाज वाटली.

१४ एप्रिल
दिपालीचा नवा व्हिडिओ. पहिलंच वाक्य — “माझी आधीची बातमी चुकली.” आग वाडीच्या अंगानं वर चढली, हे जागेवर उभं राहून दाखवलं. कुणी लावली ते आपल्याला माहीत नाही, हेही सांगितलं. व्हिडिओखाली लोकांनी काय शिव्या घातल्यात! ‘पैसे खाल्ले’ म्हणे. पोरीनं एकही शिवी पुसली नाही. कुठून आणते एवढी हिंमत? मला तिचं फार कौतुक वाटतं. पेपर मात्र अजून सूत्रांवरच.

१६ एप्रिल
बाजार नव्हता, तरी साळूबाई पहिल्या एसटीनं आल्या. पाणी दिलं, ते तसंच हातात धरून बसल्या.

“राब म्याच भाजला, बाई.”

नाचणीचं रोप टाकायच्या आधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, तो राब. भाजायचा पहाटे, वारा पडलेला असताना. पण त्या दिवशी पहाटे शेळी विताना अडली. ती मोकळी होईस्तोवर दुपार झाली. तशीच काडी लावली. वारा फिरला.

म्हटलं, “साळूबाई, तीन दिवसांवर बैठक आहे. कुणालाच माहीत नाही हे. मी कुणाला सांगणार नाही.”

“मला ठावं हाय न्हवं? आन बाराच्या बारा घरांवर आळ हाय. माजं एकटीचं नाव येऊ दे.”

फोन लावून दिला.

“दिपाली का? व्हय, साळूबाई बोलती. कर गं तुजा मोबाईल चालू.”