डोंगर दिसणारं घर

२ ऑगस्ट, शनिवार
जेवता जेवता ह्यांनी जाहीर केलं, "दया, आता भाड्याचं घर पुरे. स्वतःचं घ्यायचं. पण खिडकीतून काहीतरी दिसलं पाहिजे!" मी म्हटलं, दिसतं की. शेजारच्यांची टाकी दिसते, दोरीवरच्या चड्ड्या दिसतात. तर घास ताटात परत ठेवला!

आमच्या शलमोन साहेबांची सगळी नोकरी शुगर फॅक्टरीच्या गोदामात गेली. तिथं खिडकी नव्हती, पोती होती. म्हणून आता 'व्ह्यू' हवा. मी जन्मभर दवाखान्यात नर्स. खिडक्या भरपूर, बघायला सवड नाही. मला कुणी विचारलं का, काय हवं? दवाखाना, किराणा आणि चर्च पायी जाण्यासारखं असावं. बस्स.

३ ऑगस्ट
उपासनेत हे मोबाईलवर घरं बघत होते. पाळकसाहेबांनी पाहिलं. मलाच लाज वाटली.

९ ऑगस्ट, शनिवार
गोरक्ष नावाचा एजंट मिळालाय. गॉगल कायम डोक्यावर, डोळ्यांवर कधीच नाही. "लेक व्ह्यू आहे मॅडम, लेक व्ह्यू!" करत नगरच्या बाहेर घेऊन गेला. लेक म्हणजे शेजाऱ्याचं शेततळं! निळा प्लास्टिकचा कागद, तळाशी हिरवं पाणी, मधोमध मेलेली घूस.
"पाऊस झाला की फुल्ल भरतं, मॅडम."
पाऊस चालूच होता!
हे मात्र हात मागं बांधून बघत उभे. "संध्याकाळी छान दिसत असेल."
कोण — घूस?

१० ऑगस्ट
पुण्याहून आराधनाचा फोन. "आई, शिर्डीत फ्लॅट बघा. एअरपोर्ट आहे." आम्ही विमानानं कुठं जाणार, हे लेकीनं सांगितलं नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
तरी गेलो शिर्डीला. सुट्टीमुळं ही गर्दी! फ्लॅट चौथ्या मजल्यावर, 'कळस व्ह्यू'. हॉलमधून कळस दिसेना, बेडरूममधून दिसेना. मग गोरक्ष म्हणाला, "सर, बाथरूममधून." खिडकी उंच. हे बूट काढून कमोडवर चढले! "दिसतो! दया, दिसतो!" मी खालून पँट धरून उभी.
गोरक्ष म्हणे, "समोर हॉटेल उठणार आहे, मग दिसायचं बंद होईल. म्हणून म्हणतो, लवकर घ्या."
किंमत ऐकली आणि हे आहेत तिथंच, कमोडवर, बसले.

१६ ऑगस्ट
ह्यांचा गुडघा सुजलाय. शेक दिला. टोमणे मारले नाहीत मी. म्हणजे, फार नाही मारले.

२४ ऑगस्ट, रविवार
उपासना उरकून गोरक्षबरोबर तिसगावला. गावापासून थोडं बाजूला, डोंगराच्या अंगाला केशरबाईंचं घर. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं ओटा. ओट्यावरून सगळा डोंगर! खाली बाजरी, तिच्यावरून ढगांच्या सावल्या सरकत होत्या. हे ओट्यावरून हलेनात. किंमतही आमच्या आवाक्यातली. मला तेव्हाच शंका आली.
"मावशी, एवढं छान घर का विकताय?" मी विचारलं.
"काष्टीला लेकीकडं चालले. हितं काय हाय? डोंगर काय बोलतो व्हय? मला मानसं बघायला आवडत्यात."
चहा ओतताना सहज म्हणाल्या, "वाघ येतो मधनंमधनं. पर लई गरीब हाय. कुत्रं घेतो अन् जातो."
ह्यांच्या बशीतला चहा पँटवर! "वाघ?"
"बिबट्या वं. तुमी दार लावून घ्यायचं. त्येला काय दार वाजवता येत न्हाई."
गोरक्षनं पहिल्यांदाच गॉगल डोळ्यांवर घेतला.
हे पँट धुवायला नळाशी गेले, तेवढा वेळ मी एकटीच ओट्यावर होते. वारा होता. कुणी "सिस्टर!" म्हणून हाक मारली नाही. किती वेळ गेला कळलं नाही. हे हलवायला आले, "चल, अंधार पडायच्या आत गाडी गाठू."

२५ ऑगस्ट
"जीव राहिला तर व्ह्यू." इति शलमोन. विषय बंद. गोरक्षचा फोन उचलत नाहीत.

३० ऑगस्ट, शनिवार
बाजारातून धबधब्याचं भलंमोठं चित्र आणून ह्यांनी भिंतीवर चिकटवलं. "हा घे व्ह्यू. वाघ नाही, काही नाही." एक कोपरा सारखा सुटतो. दिवसभरात एकदाही त्याच्याकडं बघितलं नाही ह्यांनी. पेपर वाचत बसले. मी बघितलं दोनदा. पाणी हलतच नाही!
भाजी करपली. माझी! इतक्या वर्षांत कधी नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार
ह्यांना सांगितलं, दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणीकडं जाते. आणि तिसगावची एसटी धरली. ओट्याला वरपर्यंत जाळी मारून द्यायचं तिथल्या मच्छिंद्र वेल्डरनं कबूल केलं. मग माझ्या फंडातून केशरबाईंना इसार दिला. कागदावर एकटीचं नाव — दया.
म्हणाल्या, "मालकांना लई आवडलं वाटतं घर?"
मी नाही म्हटलं. मला आवडलं.
आता हे धबधब्याचा कोपरा चिकटवतायत. सांगायचंय अजून.