पिवळ्या पट्टीचा दोर

१५ मार्च, मंगळवार, सकाळ

चि. खारूस आशीर्वाद.

इकडे सगळे मजेत, तिकडेही असतील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुझ्या ताईचे गुडघे दुखतात. मी अजून झाडं तोडतो, पण खालून. अक्षराला हसू नकोस, चौथीनंतर पेन्सिल धरली ती ओंडक्यावर खुणा करायलाच.

काल एका कामाला निघालो, तो शाळेमागच्या रस्त्यानं. आपण दोघांनी पाडलेलं पहिलं झाड तिथलंच. बुंधा अजून आहे, पोरं त्यावर बसून डबा खातात. तू शेंड्यावर शीळ घालत होतास आणि हेडबाई खालून ओरडत होत्या, "त्याला आधी उतरवा, मग काय गायचंय ते गाऊ दे." चढायच्या आधी तुझा एकच प्रश्न, "दाजी, खाली जमीन आहे ना?" मी म्हणायचो, "होती तिथंच आहे." तू दोराला दोन हिसके द्यायचास, मी दोन द्यायचो, की तू गेलासच वर. चहा थर्मासच्या एकाच झाकणातून. साखर ढवळायचा नाहीस, तळाचा गोड घोट स्वतःला ठेवायचास. मला कळत नव्हतं असं नाही.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात विम्याची बाई आली. दर वर्षी विचारते, माणसं किती? मी सांगतो, मी एकटा, बाकीचे आपापला दोर आणतात. आपल्या धंद्यात ज्याचा दोर तो स्वतःचा मालक. म्हणून तर टोकाला पट्टी, तुझी निळी, माझी पिवळी. या वेळी बाईनं समोर बसवून कागद वाचून दाखवला.

"काका, सुटा माणूस स्वतःची हत्यारं आणून स्वतःच्या मर्जीनं काम करत असेल, तर त्याचा विमा त्यानं काढायचा. पण दोर तुमचा, फांदी तुम्ही दाखवणार, तर त्या कामापुरता तो तुमचाच माणूस. पडला तर दवाखाना ह्या विम्यातून."

मी म्हटलं, "म्हणजे दोर माझा म्हटलं की चूक माझी, असं नाही?"

"चूक कोण विचारतंय, काका? माणूस कुणाचा ते विचारतात."

ती गेली. मी हत्यारांच्या खोलीत जाऊन बसलो. ताईनं दोनदा हाक मारली.

तू पडलास त्या दिवशी तुझा दोर भिजला होता. वाळू दे म्हणालास. मी म्हटलं, "लाड पुरे, माझा घे." फांदीही मीच दाखवली. फांदी मोडली, दोर नाही, हे मला दिसत होतं. तरी तू दवाखान्यात बेशुद्ध, दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा साहेब येणार, आणि माझ्या डोक्यात एकच, लोक म्हणतील ह्याच्या दोरानं मेहुणा पाडला. मी पिवळी पट्टी सोलली आणि निळी गुंडाळली. साहेबानं विचारलं दोर कुणाचा. मी म्हटलं, त्याचा. खाली सही माझी.

दोर कुणाचा होता ते तुला माहीत होतं. मी काय सांगितलं ते कळलं का, देव जाणे. तू किल्ल्यांच्या दुकानात बसायला लागलास. पायाचं दुसरं ऑपरेशन तीन वर्षं पुढं ढकलतोयस. पायामुळे आमच्याकडे येत नाहीस असं मी धरून चाललो. तसं धरलं की जेवण जायचं.

काल कंपनीत जाऊन खरं लिहून दिलं. दोरही दिला. निळ्या पट्टीखाली पिवळीचा डिंक अजून आहे. माझा विमा रद्द करतील म्हणे, आणि विम्याशिवाय हल्ली कुणी फाटकात घेत नाही. करू देत. तुझं प्रकरण परत उघडायला तुझी सही लागते. कागद सोबत आहे, फुली केलीय तिथं कर. ऑपरेशनचा खर्च मिळेलच असं बाई सांगत नाही, पण सहीशिवाय मिळणारच नाही. माझं तोंड बघायचं नसेल तर ताईकडे दे. तिला रात्री सगळं सांगितलं. तिनं माझ्यापुरतं वाढलं.

माफीचं वाक्य तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. मला ते जमत नाही. ये. नाही आलास तरी सही कर.

जमीन होती तिथंच आहे, खारू.

खाली दोर धरून उभा,
तुझा दाजी